ट्रक जागेवर, बॅटरी गायब! जुन्या ट्रकच्या इंजिनाचे भाग चोरीपासून कसे वाचवाल?

भिवंडीची गोदामे असोत की कळंबोलीचा लोखंड बाजार, माल भरण्यासाठी नंबर लागेपर्यंत ट्रक रात्ररात्र रस्त्याच्या कडेला उभे असतात. अख्खा ट्रक पळवणे चोराला अवघड जाते. बॅटरी, सेल्फ किंवा अल्टरनेटर काढून नेणे मात्र थोड्या वेळाचे काम असते. एक-दोन ट्रकवर घर चालवणाऱ्या मालकाला हा फटका दुहेरी बसतो. नवा भाग घ्यावा लागतोच, शिवाय ठरलेले भाडे हातचे जाते. हप्ता मात्र थांबत नाही.

जुनेच ट्रक का सापडतात?

पहिले कारण रचनेचे. बऱ्याच जुन्या ट्रकमध्ये बॅटऱ्या चॅसिसच्या बाजूला, उघड्या खोक्यात असतात. त्यांना धरून ठेवते ती एक पट्टी आणि दोन नट. सेल्फ आणि अल्टरनेटरपर्यंत तर ट्रकखाली शिरूनही हात पोहोचतो.

दुसरे कारण धातूचे. बॅटरीत शिसे असते, सेल्फ आणि अल्टरनेटरच्या वाइंडिंगमध्ये तांबे, तर जुन्या रेडिएटरमध्ये तांबे-पितळ. भंगारात या सगळ्याला वजनावर भाव मिळतो.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. इंजिन आणि चॅसिसचा नंबर आरसी बुकात नोंदलेला असतो, पण सेल्फ, टर्बो किंवा डिझेल पंप कोणत्या गाडीचा आहे, याची नोंद कुठेच नसते. एकच भाग अनेक मॉडेलना चालतो. त्यामुळे चोरीचा माल ‘सेकंड हँड स्पेअर’ म्हणून सहज खपतो. मेरठमधील सोतीगंजचा बाजार याच धंद्यासाठी कुप्रसिद्ध होता. २०२१च्या अखेरीस पोलिसांनी तो बंद पाडला.

कट-ऑफ स्विच बसवला की झाले?

नाही. अनेक मालकांचा इथेच गैरसमज होतो. कट-ऑफ स्विच किंवा स्टिअरिंग लॉकमुळे ट्रक पळवणे कठीण होते, पण सुटे भाग त्याने वाचत नाहीत. त्यासाठी वेगळा बंदोबस्त लागतो.

• बॅटरीला पिंजरा : जाड पट्टीचा पिंजरा चॅसिसला बोल्टने बसवून घ्यावा. कुलूप पिंजऱ्याच्या आत दडेल असे असावे, म्हणजे कटर सहज लागत नाही. चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे हवा खेळायला जागा ठेवावी. पट्टी टर्मिनलला टेकू नये म्हणून आतून रबर लावावे. चॅसिसवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरी उतरवून ठेवावी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडवाव्यात.

• वेगळ्या डोक्याचे नट : सेल्फ आणि अल्टरनेटरच्या बाहेरून दिसणाऱ्या एका-दोन बोल्टना नेहमीचा पाना लागणार नाही असे नट बसवता येतात. त्यांचा सॉकेट केबिनमधल्या टूलबॉक्समध्ये ठेवला, तर उपयोग शून्य.

• जीपीएसचा ‘पॉवर कट’ अलर्ट : स्वतःची छोटी बॅटरी असलेला ट्रॅकर घ्यावा. ट्रकची बॅटरी सुटताच तो मोबाइलवर इशारा पाठवतो. ही सेटिंग चालू आहे का, हे एकदा वायर काढून तपासावे.

• उभे करण्याची पद्धत : केबिन पुढे झुकणारी असेल, तर ट्रकचे तोंड भिंतीला अगदी लगटून ठेवावे. समोर जागाच नसेल तर केबिन झुकवता येत नाही. बॅटरीची बाजूही शक्यतो भिंतीकडे असावी. ट्रक महिनाभर उभा राहणार असेल, तर बॅटऱ्या उतरवून घरी नेणे सर्वांत चांगले.

बॉनेट किंवा केबिनचे झाकण कायमचे वेल्ड करून टाकू नये. वायरिंगला आग लागली, तर आत पोहोचायला वाट उरत नाही.

खूण का करावी?

पिंजरा चोराला थोडा वेळ अडवतो. चोरीचा माल पकडला गेल्यावर तो आपलाच आहे हे सिद्ध करायला मात्र खूण लागते. इलेक्ट्रिक एनग्रेव्हरने गाडीचा नंबर सेल्फ, अल्टरनेटर आणि टर्बोच्या बाहेरच्या कवचावर कोरावा. फिरणाऱ्या भागांवर किंवा जोडाच्या पृष्ठभागावर कोरू नये. इंजिन आणि चॅसिसच्या मूळ नंबरला हात लावू नये. प्रत्येक भागाचा सीरियल नंबर दिसेल असा फोटो आणि बिल मोबाइलमध्ये जपून ठेवावे. खूण असलेला भाग घेताना दुकानदारही कचरतो, कारण चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हाही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे.

विमा भरपाई देतो का?

फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर नाही. जुन्या ट्रकचे अनेक मालक तेवढाच विमा काढतात. सर्वसमावेशक पॉलिसी असली, तरी सुट्या भागांच्या चोरीबाबत अटी काय आहेत, हे नूतनीकरणाच्या वेळीच विचारून घ्यावे.

चोरी झालीच तर?

आधी फोटो काढा. कापलेल्या वायरी एकमेकींना टेकून शॉर्ट सर्किट होऊ शकते, म्हणून तपासणीआधी ट्रक सुरू करू नका. ११२ वर कळवा आणि एफआयआर नोंदवा. वस्तू हरवल्याची ऑनलाइन नोंद म्हणजे एफआयआर नव्हे. हद्दीचा प्रश्न आला, तरी ‘झिरो एफआयआर’ कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. बाहेरगावी ट्रक चालवणाऱ्यांसाठी हे विशेष उपयोगाचे आहे. मालवाहू वाहनातून वस्तू चोरल्यास कलम ३०५ नुसार सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तक्रारीत ‘बॅटरी चोरीला’ एवढेच न लिहिता कंपनी, सीरियल नंबर, किंमत आणि कोरलेली खूण यांचा उल्लेख करा. विमा असेल, तर त्याच दिवशी कंपनीलाही कळवा.