व्हायब्राटो, गिटारवादनातील

छेडलेल्या स्वराची तारता नियमित गतीने किंचित वरखाली करून त्यात सजीवपणा आणण्याचे तंत्र. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ ‘कंपित’ असा आहे; मराठीत यास स्वरकंप म्हणता येईल. ट्रेमोलो हा प्रकार याहून भिन्न होय. त्यात तारता स्थिर राहून नादाची तीव्रता कमीअधिक होते किंवा एकच स्वर जलद गतीने पुनःपुन्हा छेडला जातो. गिटारच्या क्षेत्रात मात्र या संज्ञांची गल्लत झालेली आढळते. १९५४ मध्ये बाजारात आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर या विद्युत् गिटारच्या घोडीस जोडलेला दांडा ‘ट्रेमोलो’ या नावाने ओळखला जातो; वस्तुतः त्याने स्वराची तारता बदलते.

गिटारचा स्वर छेडल्या क्षणापासून क्षीण होऊ लागतो. व्हायोलिनवादक गजाने व गायक श्वासाने स्वर भरीत राहू शकतो. गिटारवादकास तशी सोय नाही. विरत जाणाऱ्या स्वराला आकार देण्याचे काम मुख्यतः डाव्या हातावर पडते. म्हणूनच वादकाचा व्यक्तिविशेष त्याच्या स्वरकंपातून चटकन ओळखू येतो.

तत्त्व : तारेची कंप्रता तिच्यातील ताणाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलते. स्वर अर्ध्या स्वरांतराने चढविण्यासाठी कंप्रता सुमारे ६ टक्क्यांनी, म्हणजे ताण सुमारे १२ टक्क्यांनी वाढवावा लागतो. हा बदल दोन रीतींनी साधतात. अभिजात गिटारवादनात बोटाचा दाब कायम ठेवून हात तारेच्या लांबीच्या दिशेने झुलवितात. हात घोडीकडे झुकला की तारेच्या कंप पावणाऱ्या भागातील ताण घटून स्वर उतरतो व उलट दिशेने झुकला की चढतो. पहिल्या एकदोन पडद्यांवर बोटामागील तारेचा भाग आखूड असल्याने ही रीत फारशी परिणामकारक ठरत नाही. ब्लूज व रॉक संगीतात तार पडद्यावरून आडवी खेचून सोडतात. या रीतीत ताण फक्त वाढतो; म्हणून स्वर मूळ स्थानाच्या वरच आंदोलित होतो.

अभ्यास : आडव्या रीतीची हालचाल बोटांच्या पेरांतून न करता मनगट व कोपरापुढील हात फिरवून करावी, कुलपात किल्ली फिरविताना होते तशी ती असते. तर्जनीच्या मुळाचा दांडीला होणारा स्पर्श हा या हालचालीचा टेकू होय. प्रारंभी तिसऱ्या तारेच्या सातव्या पडद्यावर अनामिका ठेवून तिच्यामागे मध्यमा व तर्जनीचा आधार द्यावा. आधी आठव्या पडद्यावरील स्वर वाजवून कानात ठेवावा. मग सातव्यावरील तार खेचून तोच स्वर गाठावा व मूळ स्वरावर परतावे. हे अचूक साधल्यावर लयमापक मिनिटास ६० ठोक्यांवर ठेवून प्रत्येक ठोक्यास एक, नंतर दोन, तीन व चार आवर्तने घ्यावीत. गती वाढविताना खेच कमी करावी. पहिली तार खाली ओढल्यास दांडीवरून निसटते, म्हणून ती वरच्या बाजूस ढकलावी. सहावी तार याच कारणाने खाली ओढावी. मनगटात वेदना जाणवल्यास अभ्यास थांबवावा.

नवशिक्यांचे लक्ष खेचण्याकडे असते; खरी कसोटी मात्र परतण्यात असते. तार प्रत्येक वेळी मूळ स्वरावर पूर्णपणे न आल्यास कानाला स्वरकंप न जाणवता बेसूरपणा जाणवतो. गायनात व वाद्यवादनात सामान्यतः सेकंदास ५ ते ७ आवर्तने आढळतात. तथापि रचनेची लय व भाव यांनुसार ती बदलावीत. स्वर क्षणभर स्थिर ठेवून मग कंप सुरू केल्यास परिणाम अधिक होतो. प्रत्येक स्वरावर सारखाच कंप दिल्यास त्याचे अलंकारत्व नष्ट होते.

अमेरिकन ब्लूजवादक बी. बी. किंग (१९२५–२०१५) यांनी आपले नातलग बुका व्हाइट यांच्या सरकपट्टीच्या वादनातील कंप नुसत्या बोटांनी साधण्याच्या प्रयत्नातून आपली शैली घडविली. हवाईयन गिटारमध्ये तारेवर टेकवलेली धातूची पट्टी मागेपुढे हलवून हाच परिणाम मिळवितात.

सतारीवरील मींडही तार आडवी खेचूनच घेतली जाते. परंतु तिचा उद्देश एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड जाण्याचा असतो. हिंदुस्थानी संगीतातील आंदोलन स्वरकंपास अधिक जवळचे आहे. मात्र दरबारी कानड्यातील कोमल गंधाराचे आंदोलन हे रागरूपाचे अंग असते व ते गाळल्यास रागाची हानी होते. गिटारवरील स्वरकंप केव्हा, किती व कोणत्या गतीने द्यावा, हा निर्णय बहुधा वादकाच्या अभिरुचीवर सोपविलेला असतो.