टाळी आणि क्लॅप : दोन शब्दांची कुळकथा

पालघर जिल्ह्याच्या बोईसर-तारापूर पट्ट्यातल्या एखाद्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला जाऊन बसलं, की एकाच कृतीसाठी चार शब्द कानावर येतात. निवेदक ‘जोरदार टाळ्या’ मागतो. डहाणू-तलासरीकडची गुजराती आजी ‘ताळी’ म्हणते. कारखान्यातल्या कामासाठी उत्तरेतून आलेल्या घरात ‘ताली’ म्हणतात. आणि बालवर्गाच्या बाई मुलांना सांगतात, ‘क्लॅप करा.’ तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं, औद्योगिक वसाहत वाढली आणि देशभरातली माणसं इथे वस्तीला आली. म्हणून हे चारही शब्द एका मांडवाखाली नांदतात. पहिले तीन सख्खी भावंडं आहेत, चौथा मात्र दुसऱ्या कुळातला आहे. या दोन्ही कुळांची ओळख करून घेऊ.

आधी घरचा शब्द. संस्कृतात ‘तल’ म्हणजे तळवा. आपल्या ‘तळहात’ आणि ‘तळपाय’ या शब्दांत तो आजही आहे. तळव्यांच्या आघाताला ‘ताल’ म्हणतात. या ‘ताला’पासून हिंदीत ताली, गुजरातीत ताळी आणि मराठीत टाळी झाली. मराठीत पुढच्या ‘ळ’च्या ओढीने आधीचा ‘त’सुद्धा ‘ट’ झाला. वारकऱ्यांच्या हातातला टाळ याच घरातला. म्हणजे आपल्याकडे टाळीचं पहिलं काम काळ मोजण्याचं आहे, कौतुक त्यानंतरचं.

गाण्याच्या वर्गात हे लगेच पटतं. त्रितालाच्या सोळा मात्रा हातावर मोजताना पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी द्यायची. नवव्या मात्रेला हात नुसता बाजूला न्यायचा, ती खाली. बोईसरच्या नवरात्रात गरब्याचं वर्तुळ ‘दोन टाळी’, ‘तीन टाळी’ या नावांनी चालतं. श्रावणात मंगळागौरीचा झिम्मा रंगतो, तेव्हाही एकमेकींच्या हातांवर पडणारी टाळीच पावलांना ठेका देते. या तिन्ही ठिकाणी कुणी कुणाचं कौतुक करत नसतं. सगळे मिळून लय धरत असतात.

आता ‘क्लॅप’. हा इंग्रजी शब्द मुळात आवाजाची नक्कल आहे, आपल्या ‘टपटप’, ‘खडखड’ यांच्यासारखा. जुन्या इंग्रजीत त्याचं रूप ‘क्लॅपन’च्या जवळचं होतं आणि अर्थ होता धडधडणे, आपटणे. दोन हात एकमेकांवर आपटण्याचा अर्थ नंतर जोडला गेला, आणि त्यातून कौतुकाचा. पहिला अर्थ इतर शब्दांत टिकून राहिला. घंटेच्या आत हलून आदळणारा लोलक म्हणजे ‘क्लॅपर’. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा भीमाशंकर, मेणवली अशा देवस्थानांत गेल्या. त्या घंटांच्या पोटात वाजतो तो हाच क्लॅपर. विजेच्या कडाडण्यालाही इंग्रजीत ‘थंडरक्लॅप’ म्हणतात. मराठीने तीच उपमा उलट बाजूने वापरली: आपल्याकडे टाळ्यांचा ‘कडकडाट’ होतो.

नाटकाच्या मांडवात तर दोन्ही भाषा अगदी जवळ येतात. केवळ टाळी मिळवण्यासाठी लिहिलेल्या वाक्याला आपण ‘टाळ्याखाऊ’ म्हणतो. १८व्या शतकातल्या इंग्रजी रंगभूमीने अशा वाक्याला ‘क्लॅपट्रॅप’ म्हटलं, म्हणजे टाळी पकडण्याचा सापळा. आज इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ पोकळ बडबड एवढाच उरला आहे.

सारखे दिसणारे सगळे शब्द मात्र नात्यातले नसतात. इंग्रजीत एका गुप्तरोगालाही बोलीत ‘क्लॅप’ म्हणतात. तो शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, त्याचा टाळीशी संबंध नाही. आपल्याकडेही तसंच आहे. कुलूप या अर्थाचं ‘टाळं’ संस्कृत ‘तालक’पासून आलं. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी पाच वाजता देशाने टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या आणि तीन दिवसांत देशभर टाळेबंदी सुरू झाली. ही टाळी आणि ते टाळं, दोन्ही कुळं वेगळी.

छापील इंग्रजीत टाळ्यांसाठी आणखी एक शब्द येतो, ‘अप्लॉज’. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘प्लाउदेरे’ म्हणजे टाळी वाजवणे आहे. ‘प्लॉझिबल’ म्हणजे मुळात टाळीस पात्र. आणि ‘एक्स्प्लोड’ म्हणजे टाळ्या पिटून, हुर्यो करून नटाला रंगमंचावरून हाकलणे. स्फोटाचा अर्थ त्याला फार नंतर चिकटला. टाळ्या पिटून एखाद्याची फजिती करण्याची रीत आपल्यालाही परकी नाही.

रोमचा सम्राट नीरो याने पाच हजारांवर तरुणांना टाळ्यांचे प्रकार शिकवले होते, असं इतिहासकार स्युटोनियस लिहितो. एका प्रकाराचं नाव होतं मधमाश्यांचा गुंजारव. दुसऱ्या दोन प्रकारांना कौलांची नावं होती, एकाला नळीच्या आणि एकाला सपाट. पालघरच्या खेड्यात राहिलेल्याला ही नावं समजावून सांगावी लागत नाहीत. तळवे नळीच्या कौलासारखे खोलगट धरून टाळी द्या. मध्ये कोंडलेली हवा अंगठ्याजवळच्या फटीतून झटक्याने बाहेर पडते आणि आवाज घुमारदार, खालच्या पट्टीतला येतो. आता सपाट बोटं दुसऱ्या तळव्यावर मारा. पोकळी लहान होते आणि आवाज चढा, टणक येतो. आपल्या शाळांतली ‘पावसाची टाळी’ही अशीच घडते. आधी एक बोट, मग दोन, तीन, चार, आणि शेवटी पूर्ण तळवा. डोळे मिटले तर कौलांवर सर वाढत गेल्याचा भास होतो.

‘क्लॅप’ हा शब्द मराठीत एका जागी हक्काने राहतो, ती म्हणजे चित्रपटाचं चित्रीकरण. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ने मराठी चित्रपट बोलू लागला. बोलपटात चित्र आणि आवाज वेगवेगळे नोंदवले की ते जुळवावे लागतात. कॅमेऱ्यासमोर धरलेल्या पाटीवरची पट्टी खाडकन मिटते ती चौकट आणि ध्वनिफितीवरचा तोच ‘खट्’ एकमेकांवर ठेवले, की पुढचे ओठ आणि शब्द जुळतात. तिथे क्लॅप म्हणजे केवळ आघाताचा आवाज, त्या शब्दाचा अगदी मूळ अर्थ. म्हणून मुहूर्ताचा क्लॅप म्हणणं योग्यच आहे.

शाळेतल्या मुलांसाठी मात्र टाळीच हवी. क्लॅप म्हटलं की मुलाला फक्त आवाज कळतो. टाळी म्हटलं की तळहात, ताल, टाळ आणि झिम्मा हे सगळं गणगोत त्याच्या हाती येतं. पालघरच्या शिक्षकांना विनंती आहे: पुढच्या वेळी मुलांना टाळी वाजवायला सांगाल, तेव्हा सोळा मात्रांचं एक आवर्तनही हातावर मोजून घ्या.