घरी बांधलेल्या विमानाचे पाय

अमेरिकेतील डेन्व्हर येथील लमार स्टीन हे पेशाने शिक्षक. त्यांनी आखलेले ‘स्काईबोल्ट’ हे दोन आसनांचे विमान शाळेतील विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून बांधले आणि ऑक्टोबर १९७० मध्ये त्याने पहिले उड्डाण केले. एकावर एक अशा पंखांच्या दोन जोड्या असल्यामुळे अशा विमानास द्विपंखी म्हणतात. पुढे स्काईबोल्टचे आराखडे विकत घेऊन अनेक हौशी मंडळींनी आपापल्या गॅरेजमध्ये तशी विमाने उभी केली. अशा हौशी निर्मात्यांची संघटना पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात स्थापन केली होती. तिचा ऑशकॉश येथील उन्हाळी मेळावा आज जगप्रसिद्ध आहे.

तेथील कायद्याची अट अशी, की विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी व्यक्तीने शिक्षणासाठी किंवा छंदासाठी स्वतः केलेले असावे. या विमानातून भाडे घेऊन प्रवासी नेता येत नाही. त्यावर ‘एक्स्पेरिमेंटल’ हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहावा लागतो आणि प्रमाणित विमानांचे सुरक्षानियम या विमानास लागू होत नाहीत, अशी सूचना प्रवाशाला दिसेल अशा जागी लावावी लागते. व्यापारी दृष्टीने पाहता येथे नफ्याचे खातेच नाही. जोखमीचे खाते मात्र आहे, आणि ते निर्मात्याबरोबर संपत नाही.

निर्माता वृद्ध होतो, विमान विकले जाते, कधी वर्षानुवर्षे हँगरमध्ये उभे राहते. नव्या मालकाला त्याची दुरुस्ती स्वतः करता येते. परंतु दर बारा महिन्यांनी करावयाच्या स्थितितपासणीवर सही करण्याचा मूळ निर्मात्याला मिळालेला अधिकार विक्रीबरोबर हस्तांतरित होत नाही. नव्या मालकाला त्यासाठी परवानाधारक तंत्रज्ञ गाठावा लागतो. चालते दुकान विकत घेणारा शहाणा व्यापारी जुन्या वहीतील अखेरची शिल्लक तशीच पुढे ओढत नाही. गोदामात उतरून माल प्रत्यक्ष मोजतो. जुन्या विमानाची ही मोजणी बहुधा चाकांपासूनच सुरू होते, कारण जमिनीवर आपटण्याचा सारा मार तेच सोसतात.

अशा अनेक विमानांचे पाय पोलादी नळ्या जोडून केलेले असतात. बाहेरून रंग चकचकीत असला तरी आत शिरलेल्या ओलाव्याने नळी गंजून पातळ झालेली असू शकते. म्हणून रंग खरवडून काढतात, अणकुचीदार हत्याराने टोचून पाहतात आणि वेल्डिंगच्या सांध्यांवर रंगीत द्रव लावून केसासारखी बारीक चीर शोधतात. चीर सापडल्यास तो भाग कापून नवा बसवणे भाग असते. नुसता वरून सांधा भरणे म्हणजे तोटा दडवून ताळेबंद जुळवणे होय.

धक्का झेलण्यासाठी या पायांत स्प्रिंगऐवजी बहुधा रबरी दोर असतात. रबराचे अनेक धागे एकत्र करून त्यांवर सुताचे विणलेले वेष्टन चढवलेले असते. त्या वेष्टनातील रंगीत धाग्यांवरून दोर कोणत्या वर्षी तयार झाला, हे जाणकारास वाचता येते. न उडालेल्या विमानाचाही दोर म्हातारा होतो. यंत्र वापरले नाही तरी घसारा लागतो, तसाच हा प्रकार. दिसायला धडधाकट दोर ठेवावा की बदलावा, हा मोह येथे पडतो. बदलण्याचे काम कष्टाचे आहे. विमान भक्कम आधारावर उचलून दोर मोठ्या ताणाने ओढावा लागतो आणि हत्यार निसटल्यास गंभीर इजा होऊ शकते. तरीही वर्षाचा धागा जुना निघाला, तर अनुभवी मंडळी दुसरा विचार करीत नाहीत.

ब्रेकमध्ये धोका अधिक सूक्ष्म असतो. पायाने दाबलेल्या छोट्या सिलिंडरमधील तेल नळीवाटे चाकाशी जाते आणि तबकडीवर पॅड आवळते. या तेलाचा रंग लाल असतो व ते खनिज जातीचे असते. मोटारीच्या ब्रेकचे सामान्य तेल निराळ्या रासायनिक कुळातले आहे. ते चुकून भरल्यास विमानातील रबरी कड्या फुगून निकामी होतात. म्हणून आधीच्या मालकाने काय भरले होते याची शंका आली, तरी सर्व कड्या बदलून नळ्या धुऊन घेतात. नवे तेल बहुधा चाकाच्या बाजूने वर चढवतात, कारण हवेचे बुडबुडे स्वभावतः वरच जातात. पॅडचा थर सुमारे अडीच मिलिमीटरवर आला की तो बदलतात. नव्या पॅडला निर्मात्याने सांगितलेल्या पद्धतीने तापवून, थंड करून मुरवावे लागते.

दोन्ही बाजूंचे ब्रेक सारखे लागणे येथे विशेष महत्त्वाचे. या विमानांचे तिसरे चाक शेपटीखाली असते आणि भाराचा मध्य पुढील दोन चाकांच्या मागे पडतो. हातगाडी ओढताना ती मुकाट्याने मागे येते, ढकलताना मात्र जरा दुर्लक्ष झाले की आडवी होते. शेपटीच्या चाकाचे विमान धावपट्टीवर असेच वागते. गंजलेल्या पिनेमुळे एकच ब्रेक अडकून राहिला, तर विमान त्या बाजूस गर्रकन वळून पंख जमिनीवर घासू शकते. दोन्ही ब्रेक एकदम जोरात दाबले, तर नाकावर पालथे होऊ शकते. उतरतानाचा वेग दहा टक्क्यांनी वाढला, तर ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा एकवीस टक्क्यांनी वाढते. चाके सरळ रेषेत आहेत का, हे पाहताना प्रत्येक चाकाखाली ग्रीस लावलेले दोन पत्रे ठेवतात. त्यामुळे पाय मोकळेपणी आपल्या जागी बसतात आणि मग दोरी व ओळंबा लावून माप घेता येते.

हौशी निर्मितीचे हे वेड आपल्याकडेही पोहोचले आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले. ते २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिले आणि २०१७ मध्ये त्याची अधिकृत नोंदणी झाली. ते द्विपंखी नाही. परंतु स्वतःच्या हातच्या कामाला स्वतःच उत्तरदायी राहण्याची जबाबदारी तीच.

जैन परंपरेत पाच समितींपैकी पहिली ईर्यासमिती. पुढची भूमी नीट पाहून पाऊल टाकावे, आपल्या चालण्याने कोणत्याही जीवास इजा होऊ नये, हा तिचा आशय. वैमानिकाच्या मागील वा पुढील आसनावर बसणारा बहुधा मित्र, पत्नी किंवा नातू असतो. त्याला स्प्लिट पिन दिसत नाही, तेलाचा रंग कळत नाही. तो केवळ विश्वासाने पट्टा बांधतो. त्या विश्वासाचे तारण म्हणजे विमानाच्या नोंदवहीतील प्रामाणिक ओळी : कोणता भाग बदलला, कोणत्या तारखेला, किती तासांच्या उड्डाणानंतर आणि कोणाच्या सहीने. दुरुस्ती पूर्ण झाल्यावरही विमान लगेच उडवीत नाहीत. प्रथम ते जमिनीवर सावकाश चालवतात, थांबवतात, पुन्हा चालवतात आणि चाकांना हात लावून एक बाजू दुसरीपेक्षा अधिक तापली आहे का, ते पाहतात. दोन्ही बाजू सारख्या निघाल्या, की मगच धावपट्टीकडे वळतात.