नोंदवहीतील एका कप्प्याची परवानगी

आपल्या संगणक-कक्षात विद्यार्थ्यांच्या खात्यातून टंकलेखनाचे जुने सॉफ्टवेअर उघडले की ‘ॲक्सेस डिनाइड’ असा संदेश येई. शिक्षकांच्या खात्यातून तेच बिनतक्रार चाले. शिक्षक हजर नसले की वसतिगृहातील मुलांचा सायंकाळचा सराव बुडे, आणि यांतील बहुतेकांच्या घरी संगणक नाही. प्रवेश नाकारल्याचे शब्द आम्हां मंडळींना जरा अधिकच टोचतात, हेही खरे. माजी विद्यार्थ्यांना आपापल्या कार्यालयांत हीच अडचण येत असेल, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

विंडोज आपली बहुतेक सेटिंग ‘रजिस्ट्री’ नामक नोंदवहीत ठेवते. तिच्या प्रत्येक कप्प्याला, म्हणजे ‘की’ला, कोणी वाचावे व कोणी लिहावे याची यादी जोडलेली असते. ‘करंट युझर’ हा भाग ज्याचा त्याचा. ‘लोकल मशीन’ हा सामाईक. सामाईक भागातील सॉफ्टवेअरच्या नोंदी सामान्य खातेदार वाचू शकतो, पण सहसा तेथे लिहू शकत नाही. एक्स्पीच्या काळात घरोघरी लोक प्रशासक म्हणूनच काम करीत, त्यामुळे जुनी सॉफ्टवेअरे तेथे बेधडक लिहीत. २००७ मध्ये व्हिस्टा बाजारात आल्यावर ती मोकळीक आटली.

मुलांना सरसकट प्रशासकाचे अधिकार द्यावेत, असा सल्ला मिळाला. तो आम्ही मानला नाही; पेनड्राइव्हमधून आलेला व्हायरसही मग त्याच अधिकाराने वावरतो.

मायक्रोसॉफ्टच्या ‘प्रोसेस मॉनिटर’ या मोफत साधनाने, सॉफ्टवेअर उघडताना नकार मिळालेल्या ओळी वेगळ्या काढल्या. अडथळा एकाच कप्प्यात होता. आधी तो आम्हांला सापडला नव्हता, कारण ६४-बिट विंडोज ३२-बिट सॉफ्टवेअरच्या अशा नोंदी ‘वॉव६४३२नोड’मध्ये वळवते. ‘रेजएडिट’ प्रशासक म्हणून उघडून प्रथम त्या कप्प्याची प्रत ‘एक्स्पोर्ट’ केली. या प्रतीत नोंदी येतात, परवानग्या येत नाहीत. त्या कागदावर उतरवून घेतल्या. मग कप्प्यावर राइट-क्लिक करून ‘परमिशन्स’मधील ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘युझर्स’ गटाला ‘सेट व्हॅल्यू’ व ‘क्रिएट सबकी’ एवढेच दिले. काही सॉफ्टवेअरे गरज नसताना पूर्ण ताबा मागतात. तेव्हा ‘फुल कंट्रोल’ द्यावा, पण त्या कप्प्यापुरताच. ‘ट्रस्टेड इन्स्टॉलर’च्या मालकीचे कप्पे विंडोजचे स्वतःचे असतात. त्यांना हात लावू नये.

उरलेल्या यंत्रांवर हेच करताना पासवर्ड आम्ही घातला. बाकी सारे दहावीच्या दोन मुलींनी केले.