सहलीची बटबटीत स्थळे आणि अभिरुचीचा प्रश्न

दसऱ्याची सुटी संपून शाळा पुन्हा भरू लागली की शिक्षकांच्या खोलीत सहलीचा विषय निघतो. भैंसा हे आमचे गाव कापसाचे. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ साली तेलंगणातील जिल्ह्यांची पुनर्रचना झाल्यापासून ते निर्मळ जिल्ह्यात मोडते. वेचणीचे दोन पैसे पालकांच्या हाती येतात ते याच दिवसांत, म्हणून सहलही याच दिवसांत निघते. शिक्षक म्हणतात, वेरूळ-अजिंठा पाहावा, निदान गोवळकोंडा तरी. मुले एकमुखाने म्हणतात, हैदराबादजवळची फिल्मसिटी, पाण्याचे खेळ, पाळणे. हा वाद आम्ही गेली पंचवीस वर्षे ऐकत आहोत, आणि त्यांतील बरीच वर्षे आम्ही शिक्षकांच्या बाजूने होतो. आज आमचे मत तितकेसे निःशंक राहिलेले नाही. ते का बदलले आणि किती बदलले, हे येथे सांगण्याचा विचार आहे.

प्रथम 'बटबटीत' या शब्दाचा अर्थ निश्चित केला पाहिजे. जे स्थळ आपल्या अंगच्या गुणाने नव्हे, तर रंग, दिवे, आवाज आणि आकार यांच्या जोरावर लक्ष वेधून घेते, ते बटबटीत होय. सिमेंटचा वाघ, प्लास्टिकची वेल, थर्माकोलचा हिमालय, हृदयाच्या आकाराची छायाचित्रापुरती कमान, आणि गावाच्या नावाची माणसापेक्षा उंच अक्षरे ही त्याची ओळखीची लक्षणे. जर्मन भाषेत अशा वस्तूंना 'किच' असे नाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात म्यूनिचच्या चित्रबाजारात स्वस्त व झटपट विकल्या जाणाऱ्या चित्रांसाठी तो शब्द रूढ झाला आणि पुढे साऱ्या जगाने तो घेतला. वस्तू मात्र शब्दाहून पुष्कळच जुनी आहे. नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. एका बाजूस देवाचा भंडारा आणि घोड्या-गाढवांचा बाजार. दुसऱ्या बाजूस तमाशाचे फड, आकाशपाळणे, आणि रंगविलेल्या पडद्यासमोर पुठ्ठ्याच्या मोटारीत बसून काढावयाचे छायाचित्र. आजचे मनोरंजन-उद्यान म्हणजे बारमाही झालेली जत्राच होय. फरक इतकाच की, जत्रेत देव मध्यभागी होता; येथे मध्यभाग रिकामा आहे.

मग या स्थळांचे आकर्षण कशात आहे? आमच्या मते त्याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण असे की, येथे प्रवेश करण्यास पूर्वज्ञान लागत नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीसमोर उभे राहिलेल्या मुलास बोधिसत्त्व म्हणजे काय, हे ठाऊक नसेल, तर त्यास अंधुक उजेडात एक झिजलेले चित्र तेवढे दिसते. सिमेंटच्या डायनोसोरसमोर असा अडसर नाही. तो पाहताक्षणी कळतो, आणि कळल्याचा आनंद पाहणाऱ्यास तत्काळ मिळतो. आपण ज्याला अभिरुची म्हणतो, ती पुष्कळदा घरातून व पुस्तकांतून मिळालेली शिदोरी असते. ज्याच्या घरून ती मिळाली नाही, त्यास 'तुला रुची नाही' असे म्हणणे म्हणजे उपाशी माणसास भूक नाही असे म्हणण्यासारखे आहे.

दुसरे कारण, येथे कोणी अवघडून जात नाही. संग्रहालयात हळू बोलावे लागते, शिल्पास हात लावता येत नाही, आणि सर्वांत मोठी धास्ती म्हणजे काहीतरी 'समजले' असे दाखवावे लागते. जत्रेत व उद्यानात मोठ्याने हसता येते. वर्षभर शेतात राबलेल्या आईबापांना आणि परीक्षेच्या ओझ्याखालील मुलांना हा मोकळेपणा हवा असतो. श्रमाने व दुःखाने गांजलेल्यांना विसावा देणे हे नाट्याचे एक प्रयोजन होय, असे भरताच्या नाट्यशास्त्रातही मानले आहे. ते प्रयोजन केवळ उच्च कलेनेच पुरवावे, असा नियम कोणी केलेला नाही.

तिसरे कारण सामाजिक आहे. इंग्लंडमधील ब्लॅकपूल हे समुद्रकाठचे गाव या बाबतीत मोठे बोधप्रद ठरावे. १८४६ साली तेथे रेल्वे आली आणि लँकेशरच्या कापडगिरण्यांतील मजूर तेथे लोटू लागले. एकेका गावच्या गिरण्या वर्षातून एक आठवडा बंद राहत, आणि ते गावच्या गाव समुद्रावर जाई. १८९४ साली तेथे पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याच्या धर्तीवर एक मनोरा उभा राहिला. सुशिक्षितांनी ब्लॅकपूलला नाके मुरडली. परंतु गिरणीच्या धुरातून वर्षाकाठी सात दिवस सुटका करून घेणाऱ्या माणसाला समुद्र प्रथम दाखविला तो त्याच गावाने. कापसाच्या गावात राहणाऱ्या आम्हांस ही हकीकत परकी वाटत नाही.

शिवाय आपला निर्णय नेहमी बरोबरच असतो असेही नाही. ज्या आयफेल मनोऱ्याची नक्कल ब्लॅकपूलने केली, त्याचे बांधकाम सुरू असतानाच १८८७ साली पॅरिसमधील नामवंत साहित्यिक-कलावंतांनी त्याविरुद्ध जाहीर निषेधपत्र काढले होते. मोपासां हा त्यांपैकी एक. आज तो मनोरा वगळून पॅरिसची कल्पना करवत नाही. औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, बीबी का मकबरा घ्या. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिचे हे सतराव्या शतकातील स्मारक. ताजमहालाशी त्याचे साम्य उघड आहे. संगमरवर मात्र घुमटास आणि भिंतींच्या खालच्या भागास तेवढा, बाकी काम चुन्याच्या गिलाव्याचे. 'गरिबाचा ताज' म्हणून त्याची आजवर टिंगल होत आली. तरी पावसाळ्यानंतरच्या एखाद्या सायंकाळी डोंगराच्या पार्श्वभूमीवर तो ज्यांनी पाहिला असेल, त्यांना टिंगलीचे शब्द आठवणार नाहीत.

आता आमची स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मुलांचा आग्रह मोडून आम्ही सहल वेरूळ-अजिंठ्यास नेली. परत आल्यावर निबंध लिहावयास सांगितले. वेरूळचे कैलास लेणे डोंगर वरून खाली कोरीत काढले आहे, हे चारच मुलांनी लिहिले. अजिंठ्याविषयी बहुतेकांनी लिहिले ते वानरांविषयी आणि विक्रेत्यांकडील चमकत्या स्फटिकांविषयी. आम्ही वर्गावर रागावलो. तेव्हा मागच्या बाकावरील एक मुलगी उठून म्हणाली, "सर, तिथल्या चित्रांच्या गोष्टी तुम्ही आम्हाला अगोदर सांगितल्याच नव्हत्या." ते अक्षरशः खरे होते. जातककथांतील एकही कथा आम्ही सहलीपूर्वी वर्गात सांगितली नव्हती. थोर स्थळी नेले म्हणजे आपले काम संपले, असे आम्ही धरून चाललो होतो.

पुढील वर्षी आम्ही मुलांचे ऐकले, आणि एकाच फेरीत गोवळकोंडा व रामोजी फिल्मसिटी अशी दोन्ही स्थळे केली. ही चित्रनगरी १९९६ साली सुरू झाली. विस्तार सुमारे १,६६६ एकरांचा, आणि जगातील सर्वांत मोठे चित्रपटनिर्मिती-संकुल म्हणून गिनीज बुकात तिची नोंद आहे. तेथे रस्त्याच्या दुतर्फा सुंदर इमारती दिसतात. मागे वळून पाहावे तो केवळ टेकू दिलेल्या भिंती. या वेळच्या निबंधांत एका मुलाने लिहिले की, येथील घरांना तोंड आहे, पण पोट नाही. गोवळकोंड्याचे तोंड पडले आहे, पण पोट शिल्लक आहे. तो मुलगा वेचणीला जाणाऱ्या घरचा होता, आणि वर्गातील हुशार मुलांत त्याची गणना नव्हती. बनावट वस्तू आपण बनावट आहोत हे लपवीत नसेल, तर ती खऱ्या वस्तूची पारख शिकवू शकते, हा धडा त्या दिवशी आम्ही त्या मुलाकडून घेतला.

एवढे मान्य केल्यावर उणिवांकडे वळणे प्राप्त आहे, कारण त्याही लहान नाहीत.

पहिली उणीव ही की, बटबटीतपणा सर्व स्थळांना एकाच साच्यात घालतो. थंड हवेच्या ठिकाणी, धरणाच्या काठी किंवा तीर्थक्षेत्री, कोठेही जा. तीच कमान, तीच अक्षरे, तीच झुकझुक गाडी. आमच्या गावच्या गड्डेन्ना वागू जलाशयाचे दरवाजे पावसाळ्यात उघडले, म्हणजे लोक ते पाणी पाहावयास जातात. त्या पाण्यास कमान लागत नाही. उद्या तेथे कमान आली, तर लोक पाण्याकडे पाठ करून छायाचित्र काढतील, ही आमची भीती अनाठायी नसावी.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. खोटी वस्तू शेजारच्या खऱ्या वस्तूचे पोट मारते. आमच्यापासून जवळच गोदावरीकाठी बासरचे सरस्वतीमंदिर आहे. मुलांच्या अक्षरारंभासाठी दूरदूरची कुटुंबे तेथे येतात. वसंत पंचमीस तर पाय ठेवावयास जागा नसते. पाटीवर पहिले अक्षर गिरविलेले मूल बाहेर येते, तेव्हा त्यास खेळणे हवे असते, आणि समोर दिसतात ती प्लास्टिकची बंदुके व मोटारी. वस्तुतः निर्मळची लाकडी खेळणी व फळे देशभर प्रसिद्ध आहेत. त्यांस भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पोणिकी नावाचे हलके, मऊ लाकूड कोरावयाचे, भाग जोडण्यास व खाचा बुजविण्यास चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा वापरावयाचा, मग रंग चढवावयाचे, असे हे संथ काम. त्या लाकडाची झाडेही आता विरळ झाली आहेत. दहा रुपयांच्या प्लास्टिकच्या मोटारीशी या कारागिराने झगडावे कसे? येथे प्रश्न अभिरुचीचा राहत नाही. तो चुलीचा होतो.

तिसरी उणीव, खरे स्थळही हळूहळू बटबटीत होऊ लागते. गोवळकोंड्याच्या फत्तेह दरवाजापाशी टाळी वाजविली असता ती वर बालाहिसारपर्यंत ऐकू जाते. ही रचना संरक्षणासाठी होती. पण आज पुष्कळ प्रवाशांच्या लेखी सारा किल्ला त्या एका टाळीएवढाच उरला आहे. कडेम नदीवरचा कुंटाला धबधबा सुमारे ४५ मीटर उंचीवरून कोसळतो. त्याच्या निसरड्या कातळांवर छायाचित्राच्या मोहाने गेलेली माणसे प्राणास मुकली आहेत. निसर्ग हा पडदा आहे असे एकदा मनाने घेतले, म्हणजे त्यातील धोकाही रंगविलेलाच वाटू लागतो.

यावर बंदी हा उपाय नव्हे. मर्यादा हा उपाय आहे. माथेरानला १९०७ सालापासून छोटी आगगाडी चालते. तिच्यात बसण्याची मौज जत्रेतल्या मौजेहून निराळी नाही. परंतु रुग्णवाहिकेसारखे अपवाद आणि अलीकडच्या काही ई-रिक्षा सोडल्या, तर गावात मोटारींस मज्जाव आहे, आणि म्हणूनच तेथील तांबडी वाट अजून वाट राहिली आहे. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर फुलांच्या दिवसांत प्रवाशांची संख्या ठरवून दिली जाते व शुल्क घेतले जाते. मौज आणि मर्यादा एकत्र नांदू शकतात, याची ही दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

शिक्षकांपुरते बोलावयाचे, तर आम्ही आता तीन गोष्टी पाळतो. सहलीत एक स्थळ मुलांच्या आवडीचे आणि एक आमच्या आवडीचे असते. दोहोंपैकी कोणत्याही स्थळाची आम्ही थट्टा करीत नाही. आमच्या आवडीच्या स्थळाची कथा जाण्यापूर्वी आठवडाभर वर्गात सांगितली जाते. आणि बासरला गेलो, तर वाटखर्चातून वाचलेल्या पैशांत निर्मळची काही खेळणी घेऊन ती आम्ही बालवर्गास देतो. याने कारागिरांचा संसार चालणार नाही, हे आम्ही जाणतो. पण लाकडाच्या फळाचा हलकेपणा हाताला एकदा कळलेले मूल पुढे दुकानासमोर क्षणभर तरी थबकेल, एवढी आशा शिक्षकाने बाळगावयास हरकत नाही.

आमच्या मुलांपैकी कित्येकांचा तो जन्मातला पहिला प्रवास असतो, काहींचा दीर्घकाळपर्यंत शेवटचाही. अशा मुलाने पाळण्यात बसून आरोळी ठोकली, तर ती अभिरुचीची हानी नव्हे. हानी होईल ती, त्या आरोळीपलीकडचे काही दाखविण्याचे काम आपण टाळले तर. ते काम फिल्मसिटीचेही नव्हे आणि अजिंठ्याचेही नव्हे. ते आपले आहे.