सोलापूर जिल्ह्याचे पाऊसमान आणि रब्बीची पेर

ज्येष्ठ सरत आला की सोलापूर जिल्ह्यातील शेतकरी पश्चिमेकडे पाहू लागतो. आभाळ भरून येते, ढग डोक्यावरून पूर्वेस धावतात, वारा तर असा सुटतो की अंगावर उपरणे ठरू नये. आणि इतके होऊनही पुष्कळ वेळा शिवार कोरडेच राहते. परजिल्ह्यातील मनुष्यास हे नवल वाटते. आपणांस त्याची सवय झाली आहे. तथापि त्याचे कारण नीट ध्यानात घेतल्यावाचून पेरणीचा विचार करणे युक्त नव्हे, असे आम्हांस वाटते.

कारण सह्याद्रीत आहे. अरबी समुद्रावरून येणारा ओला वारा घाटमाथा चढताना थंड होतो व आपले पाणी तेथेच टाकतो. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. घाट उतरताना तोच वारा तापतो व कोरडा होतो, आणि सव्वाशे-दीडशे किलोमीटर पूर्वेस माळशिरसला पोचेतो त्याच्यापाशी देण्याजोगे फारसे उरत नाही. यालाच पर्जन्यछाया म्हणतात. आपल्या जिल्ह्याची सरासरी साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर, म्हणजे बावीस ते चोवीस इंच. त्यातही मौज अशी की घाटाला जवळ असलेल्या माळशिरस-करमाळ्याकडे पाऊस कमी, आणि घाटापासून दूर असलेल्या बार्शी-अक्कलकोटकडे तो अधिक.

याचा उलगडा भाद्रपदात होतो. मोसमी वारा मागे फिरू लागला की बंगालच्या उपसागरात उठलेले कमी दाबाचे पट्टे आंध्र-तेलंगणावरून पश्चिमेकडे सरकतात, आणि दुपारी तापलेल्या जमिनीवर गडगडाटी ढग उभे राहतात. हा पाऊस पूर्वेकडून येतो, म्हणून सह्याद्रीची छाया त्यास आड येत नाही. सोलापुरास वर्षातील सर्वांत अधिक पावसाचा महिना जून किंवा जुलै नसून सप्टेंबर आहे, तो याचमुळे. आमच्या मते या जिल्ह्यातील कोरडवाहू शेतीचा खरा वर्षारंभ मृगात नव्हे, तर तेरा सप्टेंबरच्या सुमारास लागणाऱ्या उत्तरा नक्षत्रात होतो, व वर्षाचे भवितव्य त्यापुढील हस्तावर ठरते. मघा गेल्या तर ढगाकडे पाहत बसावे, असे वडीलधारी माणसे म्हणत. परंतु आपल्याकडे मघा कोऱ्या गेल्या तरी उत्तरा-हस्तांनी साल तारल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

नक्षत्रांविषयी येथे एक गोष्ट सांगून ठेवतो. सूर्याचा नक्षत्रप्रवेश ऋतूंच्या मानाने सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. पंधराव्या शतकातील दुष्काळात दामाजीपंतांनी मंगळवेढ्याची कोठारे रयतेस खुली केली अशी परंपरा आहे. त्या काळचा मृग आजच्या मानाने सुमारे आठ दिवस आधी लागत असे. म्हणून नक्षत्र पाहावे, पण जमिनीस विचारूनच पाभर धरावी.

जमीन काय सांगते, ते महत्त्वाचे. मीटरभर खोल काळी जमीन पिकास उपयोगी पडेल असे सुमारे दोनशे मिलिमीटर पाणी पोटात धरते. वीतभर मातीखाली मुरूम लागणारी माळजमीन त्याचा पाव हिस्साही धरीत नाही. दसऱ्यानंतर बहुधा पाऊस नाही, आणि ज्वारीस तर माघापर्यंत उभे राहावयाचे आहे. ती उभी राहते ती या साठ्यावर आणि थंडीच्या कृपेवर. पेर लवकर केली तर खोडमाशी पोंगा खाते, उशीर केला तर वरची ओल उडून उगवण विरळ होते. यास्तव हलक्या जमिनीत सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात व भारी जमिनीत दुसऱ्या पंधरवड्यापासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत पेर संपवावी. वाणही त्याच मानाने निवडावा: हलक्या जमिनीस फुले अनुराधा, मध्यमास फुले सुचित्रा, भारीस फुले वसुधा. मोहोळच्या केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ आजही भाकरीच्या चवीसाठी व कडब्यासाठी लोक सोडीत नाहीत, आणि त्यांस आम्ही दोष देणार नाही.

१९३३ साली सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. श्री. ना. वि. कानिटकर यांच्या त्या कामातून जी पद्धत सिद्ध झाली, तिचे सार असे: बांध घालावेत, पावसाळ्यात रान पडीक असले तरी कुळवीत राहावे, बी थोडे वापरून ओळी दीड फुटांवर ठेवाव्यात, आणि भेगा पडू लागताच कोळपे घालून त्या बुजवाव्यात. उतारास आडवे सारे पाडून मृगापासून पडलेला प्रत्येक शिंतोडा जागच्या जागी मुरविला, तर आषाढाचा बेभरवशाचा पाऊसही कार्तिकात कामास येतो. यात नवे काही नाही हे खरे. पण बांधावरून चालत गेल्यास किती रानांत हे केलेले दिसते?

आता उजनीची गोष्ट निराळी. १९८० साली पूर्ण झालेले हे धरण सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी धरते. पैकी सुमारे ५३ उपयुक्त, बाकीचा मृतसाठा. ते भरते मात्र आपल्या पावसाने नव्हे. भीमाशंकर, मावळ, मुळशी येथील पाणी भीमा, इंद्रायणी, पवना, मुळा-मुठा यांवाटे येते. एकाच जिल्ह्यावर अशी दोन आभाळे आहेत. धरण भरल्याच्या बातमीवर सांगोल्याच्या माळावरील ज्वारी उगवत नाही, आणि येथे उत्तम पाऊस होऊनही मावळ कोरडा गेला तर कालव्यावरचा ऊस वाळतो.

अलीकडे परतीचा पाऊस थांबतो कोठे, हाच प्रश्न झाला आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये काकीनाड्याजवळ किनाऱ्यास लागलेले वादळ एका दिवसात आपल्यावर आले व उभी पिके पाण्यात गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या महापुराने करमाळा, माढा, मोहोळ तालुक्यांतील रानांची मातीच वाहून नेली. ज्या पावसावर आपण जगतो, तोच असा आला म्हणजे भारी जमिनीस वेळेवर वाफसा येत नाही व ज्वारीचा हंगाम हुकतो. अशा वेळी ओल भरपूर असेल तर ज्वारीचा हट्ट सोडून हरभरा पेरावा, असे आमचे मत आहे. दावणीस चार जनावरे असलेला शेतकरी विचारील, कडब्याचे काय? प्रश्न रास्त आहे. निदान चौथाई रान, जे उंचवट्यावर असून आधी निथरते, ते ज्वारीसच राखावे.

कृत्रिम पावसाची चौकशीही पुष्कळ जण करतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर परिसरात प्रयोग केले. काही ठिकाणी सुमारे अठरा टक्के अधिक पाऊस आढळला. परंतु बी पेरावयास ढग लागतो. ढग निर्माण करण्याची विद्या कोणापाशी नाही.

तोवर प्रत्येकाने एक साधी गोष्ट करावी. हस्ताची सर पडून दोन दिवस झाले की शेतात पाच-सहा ठिकाणी लोखंडी सळई दाबून पाहावी. ओल्या मातीत ती सहज उतरते, कोरड्या थरास लागताच अडते. काळ्या रानात ती तीन फूट गेली तर निःशंक पाभर धरावी. फूटभरातच अडली तर बी आणखी कमी करून ओळी रुंद ठेवाव्यात, आणि वरखताचे पैसे हातचे राखावेत.