फायली क्लाउडवर, किल्ल्या मात्र जपून
संकेतस्थळावर नागरिकांनी जोडलेली छायाचित्रे व कागदपत्रे अनेकदा त्याच सर्व्हरच्या डिस्कवर साठवली जातात. सर्व्हर बंद पडला की त्या फायलीही हाती लागत नाहीत. दुसरा सर्व्हर जोडला तर त्याला त्या दिसत नाहीत. यावर ॲमेझॉनच्या ‘एस-थ्री’सारखी क्लाउड साठवण हा रूढ उपाय आहे. २००६ मध्ये सुरू झालेली ही सेवा आज मुंबई व हैदराबाद येथील केंद्रांतूनही मिळते.

पीएचपी भाषेवर आधारित ‘लारावेल’मध्ये ही जोडणी फारशी अवघड नाही. ‘फ्लायसिस्टिम’चे एस-थ्रीसाठीचे पॅकेज बसवावे, ‘ईएनव्ही’ फाइलमध्ये ॲक्सेस की, सिक्रेट की, केंद्राचा संकेत व बकेटचे नाव भरावे आणि मुख्य डिस्क म्हणून ‘एस-थ्री’ निवडावी. जुन्या फायली मात्र आपोआप हलत नाहीत. त्या स्वतंत्रपणे न्याव्या लागतात.

खरी जोखीम किल्ल्यांची आहे. त्या थेट प्रोग्राममध्ये लिहिल्या आणि तो सार्वजनिक झाला, तर परका माणूस कागदपत्रे वाचू शकतो, पुसू शकतो आणि बिलाचा भार मालकावर पडतो. म्हणून ‘ईएनव्ही’ फाइल ‘गिट’मधून वगळावी आणि किल्लीला त्या एकाच बकेटपुरते अधिकार द्यावेत. आधार कार्डासारखे दस्तऐवज खासगी ठेवून, काही मिनिटांत बाद होणाऱ्या तात्पुरत्या दुव्यानेच दाखवावेत.

किल्ली फुटलीच, तर ती ओळ खोडून भागत नाही. गिटच्या इतिहासात ती उरते. ती तत्काळ रद्द करून नवी घेणे हाच मार्ग.